मझल ब्रेक लावण्याआधी: अमेरिकेत नव्याने शिकारीला लागलेल्यांसाठी

माझ्या डाव्या कानात गेली चार वर्षं एक बारीक शीळ वाजते आहे. दिवसा कामात असताना तिचा विसर पडतो, रात्री घर शांत झालं की ती पुन्हा ऐकू येते. कोलोरॅडोत नोव्हेंबरमधल्या एका सकाळी मी मझल ब्रेक लावलेल्या, .३०० विंचेस्टर मॅग्नम या जोरदार काडतुसाच्या रायफलमधून उघड्या कानांनी गोळी झाडली. एकच गोळी. मादी एल्क (एल्क म्हणजे इथलं मोठं हरीण) जागीच पडली. माझ्या दोन्ही कानांना दडे बसले. उजव्याचे संध्याकाळी सुटले, डाव्याचे तिसऱ्या दिवशी, आणि शीळ मागे राहिली. ब्रेक मी खांदा वाचावा म्हणून लावून घेतला होता. कानांचं काय होईल, हे दुकानात कुणी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार बंद आहे, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात पहिली रायफल येते ती पस्तिशी-चाळिशीत, परदेशात. मी मूळची कोल्हापूरची, त्यामुळे नेमबाजी हा शब्द मला परका नव्हता. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या, स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिक ब्राँझ आणलं, ते याच जिल्ह्यातले. पण त्या स्पर्धांतली .२२ ची रायफल आणि एल्कसाठीची रायफल यांच्या धक्क्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हा धक्का कसा सोसायचा हे सांगणारे वडील-काका आपल्याला नसतात. मग आपण दुकानदाराचं ऐकतो, आणि दुकानदार वस्तू विकतो.

मझल ब्रेक म्हणजे धक्का कमी करण्यासाठी नळीच्या तोंडावर आट्यांनी बसवलेला, भोकं किंवा कप्पे असलेला धातूचा तुकडा. तो घ्यावा का, हे ठरवायला मी आता नव्याने बसले तर ज्या क्रमाने जाईन, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

१. कायद्याची बाजू आधी बघा

केंद्रीय कायद्यानुसार मझल ब्रेक ही नोंदणीची वस्तू नाही. तो पोस्टाने घरी येतो आणि विकत घेताना कुठला फॉर्म भरावा लागत नाही. बोल्ट रायफलवर (हाताने बोल्ट मागे-पुढे करून दर वेळी काडतूस भरायची) तो लावायला सहसा अडचण येत नाही. सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) मात्र वेगळं आहे. न्यूयॉर्कच्या कायद्यात अशा रायफलवरचा मझल ब्रेक बंदीच्या यादीत येतो. तुमच्या राज्याचा नियम आधी वाचा.

आपल्या लोकांनी त्याहून आधी बघायचं ते हे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कुठल्याही राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर त्यातून सूट मिळते. लायसन्सची मुदत संपली की सूटही संपली. मित्राची रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, ‘जरा धरून बघणं’ हेसुद्धा बाळगण्यातच मोडू शकतं, म्हणून व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचाराच. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. कोलोरॅडोत गांजा कायदेशीर आहे, पण केंद्राच्या लेखी नाही. रायफल घेताना भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर गांजा वापरता का हा प्रश्न असतो आणि तिथे खोटं लिहिणं गुन्हा आहे.

सांगते आहेच तर आणखी एक. शिकारीची किंवा रेंजची बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात राहून गेलेल्या एका काडतुसापायी मुंबई-दिल्लीच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. आमच्याकडे ती बॅग गॅरेजमध्येच असते, वरच्या मजल्यावर येतच नाही.

२. दुखतंय नक्की काय, ते शोधा

‘रायफल फार लागते’ असं आपण म्हणतो, पण त्यामागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि ब्रेकने त्यातली एकच सुटते.

खरोखर खांद्याला मार बसतो का? काळं-निळं पडतं का? पडत असेल तर दस्ता (रायफलचा खांद्याला टेकणारा भाग) अंगाला बसत नसण्याची शक्यता मोठी आहे. दुर्बिणीची कड भुवईला लागते का? मग दुर्बीण फार मागे बसवली आहे, किंवा तुम्ही मान पुढे ताणता आहात. आवाजाने दचकायला होतं का? नवख्या माणसाला धक्का वाटतो तो पुष्कळदा आवाजच असतो, आणि ब्रेकने आवाज वाढतो. चौथी गोष्ट म्हणजे नेम चुकणं. चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो आणि गोळी खाली जाते. इकडे याला ‘फ्लिंच’ म्हणतात.

फ्लिंच आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळतं. रेंजवर सोबतच्या माणसाला तुमच्या नकळत मॅगझिन भरायला सांगा. दोन खरी काडतुसं, मध्ये कुठेतरी एक नकली. नकली काडतूस आलं की आवाज होत नाही, आणि नळी स्थिर राहिली की खाली डुबकी मारली, हे सोबत्याला स्वच्छ दिसतं. माझी नळी इतकी खाली गेली की आमच्या शेजारच्या काकांनी न बोलता रायफल माझ्या हातातून काढून घेतली आणि .२२ दिली. ते इथल्याच गुराख्यांच्या घरातले, सत्तरीचे. त्या दिवशी मी पन्नास गोळ्या .२२ ने झाडल्या. पुढचे सहा आठवडे दर शनिवारी तेच केलं. फ्लिंच ही मनाला लागलेली सवय आहे. ती धातूच्या तुकड्याने झाकली जाते, सुटते ती सरावानेच.

३. धक्क्याचं गणित करा

हे गणित सोपं आहे, कागद-पेन्सिल पुरते. गोळीचं वजन गुणिले तिचा वेग, त्यात काडतुसातल्या दारूचं वजन गुणिले बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग मिळवा. वायूचा वेग सेकंदाला सुमारे ४,७०० फूट धरतात. वजनं ग्रेनमध्ये असतात आणि एका पाउंडात ७,००० ग्रेन, म्हणून बेरजेला ७,००० ने भागा. मग रायफलच्या पाउंडातल्या वजनाने भागा, की रायफल कुठल्या वेगाने मागे येते ते मिळतं. त्या वेगाचा वर्ग गुणिले रायफलचं वजन, भागिले ६४.४, म्हणजे धक्क्याची ऊर्जा फूट-पाउंडात.

दुर्बिणीसकट ८ पाउंडांची रायफल धरून, चार काडतुसांसाठी मी काढलेले आकडे असे:

.२४३ विंचेस्टर, १०० ग्रेन गोळी: सुमारे ९
६.५ क्रीडमूर, १४० ग्रेन: सुमारे १३
.३०८ विंचेस्टर, १६५ ग्रेन: सुमारे १७
.३०० विंचेस्टर मॅग्नम, १८० ग्रेन: सुमारे ३०

बहुतेक लोक १५ ते २० च्या घरातला धक्का सरावाने पेलतात. ३० हा नवख्या माणसाच्या कामाचा आकडा नाही. मला पहिली रायफल म्हणून तीच विकली गेली, कारण ‘एल्क मोठं जनावर आहे’. मोठं आहेच, मादीसुद्धा सव्वादोनशे किलोच्या आसपास भरते. पण कोलोरॅडोचा नियम एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर (गोळीचा व्यास, इंचात), ८५ ग्रेनची पसरणारी गोळी आणि १०० यार्डांवर १,००० फूट-पाउंड ऊर्जा एवढंच मागतो. .३०८ त्या अंतरावर याच्या दुपटीहून जास्त देते. हा नियम मी खरेदीआधी वाचला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

वजनाकडेही नीट बघा. डोंगर चढायला हलकी म्हणून ६ पाउंडांची रायफल घेतली तर तीच .३०८ सतराची साडेबावीसवर जाते. उलट .३०० मॅग्नमची रायफल एका पाउंडाने जड केली की तीस सत्तावीसच्या खाली येतात.

४. आधी स्वस्तातले उपाय संपवा

दस्ता अंगाला बसतो का ते बघा. कारखान्यातून येणाऱ्या रायफलीत दस्त्याच्या टोकापासून चापापर्यंतचं अंतर सहसा साडेतेरा-पावणेचौदा इंच असतं, म्हणजे सरासरी अमेरिकन गड्याच्या मापाचं. मी पाच फूट एक इंच. कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत टेकवा आणि तर्जनी चापाकडे न्या. बोटाचं पहिलं पेर आरामात चापावर आलं तर माप साधारण ठीक आहे. पोहोचायला ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे. लांब दस्ता खांद्याच्या खळगीत बसत नाही, दंडावर बसतो, आणि काळं-निळं पडतं ते तिथे. माझा दस्ता एक इंच कापून त्यावर जाड, मऊ रबराचं पॅड बसवलं, तेव्हा निम्मी तक्रार तिथेच संपली. ब्रेकच्या एकूण खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यात हे काम झालं. आधी ब्रेक आणि मग दस्ता असा उलटा क्रम माझ्याकडून झाला. तुम्ही तसं करू नका.

काडतूस बदलून बघा. हलक्या वजनाची तांब्याची गोळी किंवा कमी धक्क्याचं काडतूस मिळतं. बेंचवर बसून झाडताना धक्का सगळ्यात जास्त जाणवतो, कारण अंगाला मागे जायला वाव नसतो. झीरो (दुर्बिणीतली खूण आणि गोळी लागायची जागा जुळवणं) करून झाला की उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून सराव करा. आणि एका दिवशी मॅग्नमच्या दहा-बारापेक्षा जास्त गोळ्या झाडू नका.

एवढं करूनही जमत नसेल तर रायफल विकून लहान काडतुसाची घ्यायचा विचार करा. यात कमीपणा काहीच नाही.

५. ब्रेक करतो काय, ते समजून घ्या

गोळी बाहेर पडली की तिच्यामागून तापलेला वायू प्रचंड वेगाने सुटतो आणि रॉकेटसारखा रायफलला मागे ढकलतो. ब्रेक त्या वायूला बाजूला किंवा किंचित मागे वळवतो, त्यामुळे हे ढकलणं कमी होतं. गोळीमुळे बसणारा धक्का तसाच राहतो. वरच्या गणितात वायूचा वाटा वेगळा काढला तर .३०० मॅग्नममध्ये तो सुमारे ३९ टक्के येतो, .३०८ मध्ये ३२ च्या आसपास. म्हणजे मॅग्नमवर ब्रेकला करण्यासारखं काम जास्त आहे. .३०८ वर आधीच सोसवणारा धक्का थोडा कमी होतो, एवढंच.

जाहिरातीतल्या टक्क्यांनी हुरळून जाऊ नका. धक्क्याचा रेटा २५ टक्क्यांनी कमी झाला तर ऊर्जा ४४ टक्क्यांनी कमी होते, कारण तिथे वर्ग येतो. एकाच ब्रेकबद्दल दोन्ही आकडे खरे असतात आणि डब्यावर छापला जातो तो मोठा. कुठला आकडा आहे, ते विचारा.

खरा फायदा मला दुसरीकडे दिसला. रायफल उसळत नाही, त्यामुळे गोळी लागल्याचं दुर्बिणीतून स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. जनावर कसं हललं, कुठे लागली, दुसरी झाडायची का, हे कळतं. जखमी जनावर हरवू नये असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला ही गोष्ट मोलाची आहे, आणि मी ती कमी लेखणार नाही.

प्रकार ढोबळमानाने दोन. नळीभोवती सगळीकडून भोकं असलेला, आणि फक्त दोन्ही बाजूंना तोंडं असलेला. पहिला दिसायला नेटका, पण पोटावर झोपून झाडलं तर खालच्या भोकांतून वायू जमिनीवर आदळतो आणि धुळीचा किंवा भुरभुरीत बर्फाचा लोट डोळ्यांपुढे उठतो. समोरचं काही दिसत नाही, म्हणजे वर सांगितलेला फायदाच गेला. दुसऱ्या प्रकारात तोंडं जितकी मागे झुकलेली तितका धक्का कमी, आणि तितकाच आवाज तुमच्या तोंडावर.

६. कान

इथे थांबून वाचा, घाई करू नका.

शिकारीच्या रायफलचा आवाज ब्रेक नसतानाच १५५ ते १६५ डेसिबलच्या आसपास असतो. असा एकदम आदळणारा आवाज कानांवर १४० च्या वर जाऊ नये, असं अमेरिकेची व्यावसायिक आरोग्य संस्था निऑश सांगते. म्हणजे साधी रायफलही उघड्या कानांनी झाडायची नाहीच. ब्रेक लावला की झाडणाऱ्याच्या कानाशी त्यात आणखी काही डेसिबलची भर पडते. ‘काही’ हा शब्द फसवा आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, १० ला दसपट.

कानातल्या ज्या बारीक पेशी यात मरतात त्या पुन्हा उगवत नाहीत. याला औषध नाही आणि शस्त्रक्रियाही नाही. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. माझ्या ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखावर, डाव्या कानाच्या रेषेत ४,००० हर्ट्झपाशी खड्डा आहे. गोळीबाराची आणि कारखान्याची खूण नेमकी तिथेच उमटते, असं तपासणाऱ्या बाईंनी दाखवलं. कोणाच्या बोलण्यातले स, श, फ मला गर्दीत नीट कळत नाहीत. आईचा फोन आता उजव्या कानाला लावते.

‘रेंजवर मी लावतोच, शिकारीत एक तर गोळी असते’ हे वाक्य मीही म्हणत होते. शिकारीत कान उघडे लागतात हे खरं आहे. फांदी मोडल्याचा, एल्कच्या कळपाचा आवाज ऐकू यायला हवा. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक इअरमफ किंवा कानात घालायचे तसेच बड मिळतात. ते हलका आवाज मोठा करून ऐकवतात आणि मोठा आवाज अडवतात. ब्रेक घ्यायचा असेल तर आधी हे घ्या, आणि शिकारीच्या पहाटे गाडीतून उतरतानाच कानांवर चढवा. जनावर दिसल्यावर कोणी मफ शोधत बसत नाही, मीही नाही बसले. रेंजवर कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. आवाज अडवण्याचे दोघांचे आकडे मिळवले जात नाहीत, जास्त आकडा असलेल्यावर साधारण ५ डेसिबलची भर पडते, पण ती भर लागते.

पहिली रायफल घेतानाच एक ऑडिओग्राम काढून ठेवा. पुढे फरक पडला तर तुलना करायला कागद हाताशी असतो.

७. शेजारी कोण असणार?

ब्रेकचा वायू आणि आवाज बाजूला जातो, आणि बाजूला माणूस असतो. शिकारीत सोबती, वाटाड्या, कधी तुमचं मूल. बरेच गाइड ब्रेक असलेली रायफल चालवून घेत नाहीत किंवा काढून ठेवायला सांगतात. त्यांच्या कानांवर वर्षानुवर्षं अनेक पाहुण्यांच्या गोळ्या वाजलेल्या असतात. पैसे भरण्याआधी विचारून घ्या. घोड्यांवरून जाणार असाल तर घोडेवाल्यालाही विचारा. कापडी आडोशात बसून ब्रेकने झाडू नका, तिथे आवाज कोंडतो.

रेंजवर कडेची जागा मागा आणि शेजारच्या बेंचवाल्याला आधी सांगा. ‘ब्रेक आहे, दोन्ही लावा’ एवढं पुरतं, लोक मान डोलावतात. ब्रेकच्या बाजूला कोणाचाही हात किंवा चेहरा नसला पाहिजे, हे दर गोळीआधी बघा.

८. सप्रेसरचा पर्याय तपासा

आपल्याकडे याला सायलेन्सर म्हणतात, पण आवाज काही गायब होत नाही. साधारण २० ते ३५ डेसिबलनी उतरतो, आणि धक्काही बऱ्यापैकी कमी होतो. माझ्या मते ज्या राज्यात परवानगी आहे तिथे ब्रेकआधी याचा विचार व्हावा. कोलोरॅडोत तो बाळगताही येतो आणि शिकारीत वापरताही येतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स इथे सामान्य माणसाला परवानगी नाही, म्हणजे आपली निम्मी मंडळी इथेच बाद होतात.

ही मात्र नोंदणीची वस्तू आहे. फॉर्म ४ नावाचा केंद्रीय नोंदणीचा अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरीची वाट. १९३४ पासून असलेला २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण नोंदणी कायम आहे. कर गेला म्हणजे कागद गेले असं समजून कोणाचा सप्रेसर उसना घेऊन एकटे फिरू नका. सप्रेसर महाग असतो आणि रायफल सहा-आठ इंच लांब करतो, दाट झाडीत ते नडतं. तरीही पुढे कधी घ्यायचा विचार असेल तर पुढची पायरी नीट वाचा, कारण आटे आत्ताच योग्य मापाचे पाडून घ्यावे लागतील.

९. लावायचं ठरलं, तर असं करा

रायफलच्या नळीला तोंडाशी आटे आहेत का बघा. असतील तर त्यावर बारीक आट्यांचं टोपण असतं. अमेरिकेत .३० कॅलिबरला ५/८-२४ (व्यास ५/८ इंच, दर इंचाला २४ आटे) हे माप सर्रास चालतं, .२२ कॅलिबरला १/२-२८. युरोपीय रायफलींवर मिलिमीटरचे आटे असतात. माप माहीत नसताना ‘बसतोय असं वाटतं’ म्हणून ब्रेक फिरवू नका.

आटे नसतील तर गनस्मिथकडे लेथवर पाडून घ्यावे लागतात. इथला मोठा सापळा म्हणजे बारीक नळी. हलक्या शिकारी रायफलीची नळी तोंडाशी इतकी निमुळती असते की ५/८ चे आटे पाडले तर ब्रेक टेकायला नळीची सपाट कडच उरत नाही. मग कोणी १/२ चे पाडून देतो. .३० कॅलिबरच्या नळीवर ते पाडले तर भोक आणि आटे यांच्यामध्ये धातू फार थोडा राहतो. गनस्मिथ ‘नको’ म्हणाला तर त्याचं ऐका, दुसरा हो म्हणणारा शोधू नका.

दुसरा सापळा भोकाच्या मापाचा. ब्रेकचं भोक गोळीहून किंचित मोठं हवं, व्यासात साधारण २० हजारांश इंच. आटे नळीच्या बाहेरच्या कडेला समांतर पाडले आणि आतल्या भोकाशी तिरके निघाले, तर गोळी ब्रेकच्या कडेला घासते. नेम बिघडतो, क्वचित ब्रेक फुटतो. म्हणून गनस्मिथला एवढं विचाराच: आटे नळीच्या आतल्या भोकाशी केंद्र जुळवून पाडता का? उत्तर देताना तो अडखळला तर रायफल गाडीत परत ठेवा.

ब्रेक घ्यायचाच तर काढता-घालता येणारा घ्या, आणि सोबत आटे झाकायचं टोपण. दोन्ही बाजूंची तोंडं आडवी रेषेत यावी लागतात. त्यासाठी पातळ वॉशर किंवा मागे आवळायचा नट येतो. पुढे सप्रेसर बसवणार असाल तर चेपणारा वॉशर नको, तो तिरका बसतो.

मला आटे पाडणं आणि ब्रेक मिळून साडेतीनशे डॉलरच्या आसपास खर्च आला होता. गावागणिक फरक पडेल. शिकारीच्या मोसमाआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात गनस्मिथकडे रांग असते, काम फेब्रुवारीतच टाका.

गनस्मिथकडे जाताना सोबत:
- बोल्ट काढलेली, रिकामी रायफल, बंद केसमध्ये. काडतुसं घरी.
- फोटो ओळखपत्र. रायफल रात्रभर ठेवली तर तो वहीत नोंद करतो. तुमचीच रायफल तुम्हालाच परत घेताना पुन्हा ४४७३ भरावा लागत नाही.
- ब्रेक आधी घेतला असेल तर तो, डब्यावरच्या मापासकट.
- तुम्ही वापरता त्या काडतुसाचा रिकामा डबा, कॅलिबर आणि गोळीचं वजन वाचायला.
- लेखी पावती मागा. आट्यांचं माप त्यावर लिहून घ्या.

१०. बसवल्यावर

ब्रेक लावताना-काढताना रायफल रिकामी, बोल्ट बाहेर. नळीच्या तोंडाशी हात जाणार आहे, त्यामुळे यात सवलत नाही.

नळीच्या टोकाला वजन आलं की गोळी दुसरीकडे लागते. १०० यार्डांवर ब्रेकसह तीन गोळ्या, मग ब्रेक काढून टोपण लावून तीन. माझ्या रायफलीत गोळ्या दोन इंच खाली आणि किंचित उजवीकडे गेल्या. तुमच्यात वेगळं येईल. दोन्ही वेळचा फरक कागदावर लिहून दस्त्याला आतून चिकटवा. शिकारीत ब्रेकसह जाणार की ब्रेकशिवाय, हे आधीच ठरवून त्याच अवस्थेत झीरो करा. सराव ब्रेक लावून आणि शिकार ब्रेक काढून, असा मार्ग बरेचजण घेतात, आणि तो वाईट नाही, फक्त शेवटचा झीरो ब्रेक काढून केलेला हवा. गोळी झाडायच्या क्षणी जनावराकडे लक्ष असतं, तेव्हा तो एक धक्का कोणाला आठवतही नाही.

दर वीस-पंचवीस गोळ्यांनी ब्रेक सैल झाला नाही ना, ते हाताने बघा. आतली काजळी ब्रशने काढा, नाहीतर आटे धरून बसतात. नळी साफ करताना ब्रेक काढून ठेवा, द्रावण त्यात साचतं.

मी ती .३०० मॅग्नम दोन वर्षांपूर्वी विकली, ब्रेकसकट, आणि घेणाऱ्याला कानांचं सगळं सांगून. आता माझ्याकडे .३०८ आहे, साडेसात पाउंडांची, दस्ता माझ्या मापाचा, नळी उघडी. गेल्या मोसमात १८० यार्डांवरून एक मादी एल्क मिळाली, एका गोळीत, कानांवर मफ ठेवून. मफ आता नारिंगी जाकिटाच्या खिशात नसतात, जाकिटाच्याच खुंटीवर वर अडकवलेले असतात, म्हणजे ते हातात घेतल्याशिवाय जाकीट निघत नाही.